बर्फाखालचं शेत

आपल्या जळगाव-धुळ्याला समुद्र नाही. आपल्याला तापी माहीत, गिरणा-पांझरा माहीत, आणि मे महिन्यातलं ऊन तर विचारूच नका. तरी आज आम्ही समुद्राची गोष्ट सांगणार आहोत, तीही बर्फाच्या समुद्राची. आपली तापी सुरतेजवळ ज्या अरबी समुद्राला मिळते, त्याच समुद्रातून डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून फिनपोलारिस नावाचं जहाज दक्षिणेला निघालं. भारताची अंटार्क्टिकाची ही तिसरी मोहीम. प्रमुख होते डॉ. हर्ष गुप्ता. ऐंशीच्या वर माणसं, आणि त्यांत पहिल्यांदाच दोन बाया. एक कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. दुसऱ्या आपल्या मराठी, डॉ. अदिती पंत. तेव्हा त्यांचं वय चाळीस.

अंटार्क्टिका म्हणजे पृथ्वीच्या दक्षिण टोकाचा खंड. भारताच्या चौपटीहून मोठा, आणि जवळजवळ सगळा बर्फाखाली. तिथे गाव नाही, झाड नाही. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथे उन्हाळा, आणि त्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. मोहिमा याच दिवसांत जातात.

मग अदितीताई तिथे काय बघायला गेल्या? आम्ही तर म्हणू, शेत बघायला. समुद्राच्या पाण्यात साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात. आपल्या केळीच्या पानासारखंच त्या ऊन घेतात, कार्बन डायऑक्साइड घेतात आणि अन्न तयार करतात. पृथ्वीवरच्या सगळ्या वनस्पती मिळून जेवढं अन्न तयार करतात, त्यातलं जवळजवळ निम्मं या समुद्रातल्या वनस्पतींचं असतं. दक्षिणेच्या समुद्रात ही प्लवकं क्रिल खातो. क्रिल हा झिंग्यासारखा जीव, बोटाएवढा. क्रिलवर पेंग्विन जगतो, सील जगतो, आणि घराएवढा देवमासाही जगतो. समुद्रावर बर्फ साचतो ना, त्याच्या खालच्या अंगालाही ही बारीक वनस्पती चिकटून वाढते. बर्फातून झिरपेल तेवढा उजेड तिला पुरतो.

हे पीक मोजायचं कसं? एक जुनी रीत सांगतो. समुद्राचं पाणी दोन बाटल्यांत भरायचं. एक बाटली पारदर्शक, दुसरी काळ्या कापडात गुंडाळलेली. दोन्ही पाण्यात सोडून ठेवायच्या आणि मग ऑक्सिजन मोजायचा. उजेडातल्या बाटलीत तो जेवढा जास्त, तेवढं पीक जोमदार. मोठ्या विद्येची सुरुवात अशी साधी असते, हे आम्हाला फार आवडलं.

अदितीताईंचा जन्म 1943 चा, नागपूरचा. घराणं औंधच्या पंतप्रतिनिधींचं. आजोबा भवानराव म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजेसाहेब. वडील अप्पा पंत देशाचे राजदूत, आई नलिनीदेवी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर. हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांना जे पाठबळ होतं ते आपल्या लेकींना नाही, आणि ‘ती गेली मग तू का नाही’ असं मुलीला म्हणणं बरोबर नाही. पण पुढची गोष्ट राजघराण्याची नाही, एका पुस्तकाची आहे. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर घरच्या एका स्नेह्यांकडून त्यांना सर ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक मिळालं. हार्डी 1925 मध्ये डिस्कव्हरी जहाजावरून अंटार्क्टिकाच्या समुद्रात गेले होते, तिथली प्लवकं जाळीने गाळून बघत होते. तीस वर्षांनी त्यांनी ते ज्ञान सामान्य माणसाला कळेल असं लिहून काढलं. सोबत स्वतः काढलेली चित्रं. ते वाचून पुण्यातल्या एका मुलीने समुद्र शिकायचं ठरवलं. पुढे शिष्यवृत्तीवर हवाई विद्यापीठात एम.एस., मग लंडनला पीएच.डी., विषय समुद्रातल्या शेवाळांचा.

हार्डींच्या काळात अशा जहाजावर बाईला जागाच नव्हती. अमेरिकेनेसुद्धा आपल्या बाई शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावर पाठवलं ते 1969 मध्ये. कारणं काय, तर तिथे बायकांची सोय नाही. सोय नाही! ही सबब आपल्यालाही पाठ आहे. दहावीला चांगले मार्क मिळालेल्या मुलीने सायन्स घ्यायचं म्हटलं की हेच ऐकू येतं. कॉलेज तालुक्याला, एस.टी. वेळेवर नाही, प्रॅक्टिकलला उशीर होतो. गटात बाई पोरीच्या फीसाठी कर्ज मागते तेव्हा शिलाई मशीनला चटकन होकार मिळतो, सायन्सच्या फीला चर्चा होते. आमचं मत विचाराल तर दोन्हींची परतफेड होते, फक्त एकीला वेळ लागतो.

शिक्षण संपवून अदितीताई भारतात परतल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत दाखल झाल्या. आधी काम आपल्याच किनाऱ्यावर. गुजरातच्या वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा त्यांनी पालथा घातला. बर्फ त्यानंतर. अंटार्क्टिकावर त्या पाचव्या मोहिमेतही गेल्या. तिसऱ्या मोहिमेत भारताने तिथे दक्षिण गंगोत्री हे पहिलं ठाणं उभारलं. काही वर्षांतच ते बर्फात बुडायला लागलं, मग खडकावर मैत्री हे दुसरं ठाणं बांधावं लागलं.

जाता जाता एक गंमत. दक्षिणेच्या त्या समुद्रात नत्र-स्फुरद भरपूर, म्हणजे खत आहे, तरी कितीतरी भागांत प्लवकांचं पीक उतरत नाही. कारण लोह कमी! आपल्यासारखंच, नाही का? 2009 मध्ये गोव्याच्या याच संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर त्या समुद्रात हिराकस टाकून पाहिलं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, आपल्या लोहाच्या गोळीतही तेच असतं. या प्रयोगाच्या नावातच ‘लोहा’ हा शब्द आहे. पीक वाढलं, पण बारीक जिवांनी ते खाऊन टाकलं. टणक कवचाची प्लवकं तर वाढलीच नाहीत, कारण त्यांना लागणारी सिलिका त्या पाण्यात नव्हती. एकाच खताने शेत पिकत नाही, हे आपल्या कापूसवाल्यांना सांगायला नको.

सतरा वर्षांनी अदितीताई गोव्याहून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेल्या आणि खारट जागी जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करू लागल्या. भारत सरकारने अंटार्क्टिका पुरस्कार दिला, सुदीप्ताताईंनाही दिला. सुदीप्ताताईंनी अंटार्क्टिकावर बंगालीत पुस्तक लिहिलं. अदितीताईंनी स्वतःबद्दल लिहिलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’ या इंग्रजी पुस्तकात आहे. भारतातल्या शंभराच्या आसपास बाई शास्त्रज्ञांच्या हकिकती त्यात आहेत. कॉलेजात जाणारी पोर घरात असेल तर तिला शोधायला सांगा, आणि रात्री मोठ्याने मराठीत सांगायला लावा.

लहान पोरांसाठी आमच्याकडून एक काम. पाटात किंवा तळ्यात पाण्याखाली वाढणाऱ्या हिरव्या वेलीचा तुकडा आणा, काचेच्या बरणीत पाणी घालून त्यात बुडवा आणि उन्हात ठेवा. थोड्या वेळाने पानांवर बारीक बुडबुडे दिसतील. तोच ऑक्सिजन. तशीच दुसरी बरणी काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि काय होतं ते पोरांनाच बघू द्या.