अठरा गुंठे

हाताने लिहिलेले उतारे बंद होऊन संगणकाचे आले, त्यानंतरची ही गोष्ट. पीककर्जाचं नवंजुनं करायला सोसायटीत गेलो. सचिवानं उतारा दोनदा पाहिला आणि म्हणाला, "तात्या, तुमचं रान कमी झालंय की!"

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच होतं. आमचा गट २ हेक्टर ८४ आरचा, म्हणजे सात एकराचा. वडील आणि चुलते यांच्या वाटणीत निम्मानिम्मा झालेला. माझ्या नावावर १ हेक्टर ४२ आर पाहिजे होतं, उताऱ्यावर होतं १.२४. अठरा आर गेले. आपल्या भाषेत जवळजवळ अठरा गुंठे. चुलतभावाचं क्षेत्र मात्र १.४२ जसंच्या तसं.

गावात अशी बातमी वाऱ्यावर जाते. संध्याकाळी पारावर एकानं कानात सांगितलं, "तुझ्या भावानंच काहीतरी केलं असणार. बांध तरी मोजून घे." खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप लागली नाही. विहिरीचं पाणी आमच्यात पाळीनं आहे. बांधाला बांध, दाराला दार. उठावं आणि जाब विचारावा असं दहादा वाटलं.

सकाळी आधी रानात गेलो. हद्दीचे दगड जागच्या जागी होते. वडील सांगायचे, ते दगड इंग्रजांच्या मोजणीपासूनचे. मी दहावीपर्यंतच शिकलो, पण जमिनीच्या कागदाचा इतिहास मिळेल तिथून वाचत आलोय. त्या दिवशी दगडावर बसून तोच आठवला.

आपल्या पुणे भागात इंग्रजांची पहिली मोठी मोजणी १८२७-२८ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या साहेबानं केली. मोजणीत चुका राहिल्या, उत्पन्नाचे अंदाज चुकले, सारा डोईजड झाला. कित्येक शेतकरी जमिनी पड टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापूर तालुक्यापासून नव्यानं सुरुवात केली. शेताशेताला नंबर दिला, मातीचा रंग आणि खोली बघून प्रत लावली, आणि सारा ३० वर्षांसाठी ठरवून टाकला. तेहतीस फुटी साखळीनं मोजणी झाली. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आपण आजही तेच बोलतो.

म्हणजे कागदात चूक होणं हे संगणकाच्या आधीपासूनचं. आणि कागदावरचा राग तोही जुनाच. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यांना हवी होती ती कर्जखतं, दस्तऐवज. ते काढून जाळले. अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनाही पक्कं ठाऊक होतं की आपला गळा कागदात अडकलाय. त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. मी मनाशी म्हटलं, त्यांना कागद जाळायचा होता, मला तर शोधायचाय. माझं काम भांडणाचं नाही.

घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. वडिलांनी ठेवलेला हस्तलिखित सातबारा सापडला, वाटणीच्या फेरफाराची नक्कल मात्र नव्हती. तालुक्याला रेकॉर्डमध्ये अर्ज दिला. 'पुढच्या आठवड्यात या' असं तीनदा ऐकलं. चौथ्या खेपेला नक्कल मिळाली. ती घेऊन दुरुस्तीच्या अर्जाची चौकशी केली, तर टेबलावरचा माणूस म्हणाला, मोजणी आणा. दुसऱ्यानं सांगितलं, दिवाणी दावा करा. डोकं तापलं होतं. पण तिथंच एका जुन्या कारकुनानं कागद हातात घेतले, फेरफार आणि उतारा शेजारी ठेवला आणि हसून म्हणाला, "काका, बेचाळीसचा चोवीस झालाय. आकडा उलटलाय, जमीन नाही. कलम १५५ खाली अर्ज करा, लेखनप्रमादाची दुरुस्ती म्हणून."

जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, त्यातलं हे कलम. हक्काचा वाद असेल तर ते चालत नाही, पण लिहिताना झालेली चूक असेल तर तहसीलदारांना दुरुस्त करता येते. बेरजेतच खूण होती. १.४२ आणि १.२४ मिळून होतात २.६६, आणि गट तर २.८४ चा. माझे अठरा आर भावाच्या नावावर गेलेच नव्हते, ते कुणाच्याच नावावर नव्हते. हे साधं गणित मी पहिल्या दिवशी केलं असतं तर एक रात्र वाचली असती.

तरी काम लगेच झालं नाही. तलाठ्याचा अहवाल, सर्कलची पाहणी, मग संबंधितांना नोटीस. नोटीस भावालाही गेली. मला धडकी भरली. आधी मीच त्याच्याकडं गेलो, पारावरची कुजबुजही लपवली नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, मलाही एकानं सांगितलंय, की तू माझ्यावर केस टाकलीस." तारखेला आम्ही एकाच मोटारसायकलवर गेलो. त्यानं जबाब दिला, 'माझी हरकत नाही, क्षेत्र अर्जदाराचंच आहे,' आणि सही केली.

आठ महिने आणि सतरा खेपा गेल्या. प्रत्येक खेपेची तारीख, कुणाला भेटलो, काय सांगितलं हे मी वहीत लिहीत गेलो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. आवाज चढवला नाही, पण पाठही सोडली नाही. सबुरी म्हणजे घरी बसून राहणं नव्हे, हे त्या वहीनं शिकवलं. शेवटी आदेश झाला, फेरफार धरला गेला आणि उताऱ्यावर १.४२ आलं. तोवर एक हंगाम सोसायटीच्या कर्जाविना काढावा लागला, हातउसन्या पैशावर बी-खत आणलं. ते नुकसान कोण भरून देत नाही.

उतारा घेऊन घरी आलो तर भाऊ ओसरीवर बसलेला. हातात त्याच्या दुसऱ्या गटाचा उतारा. म्हणाला, "दादा, हा जरा बघ. ह्यात आक्काचं नाव दिसत नाही." आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. मी चष्मा लावला, वहीचं नवं पान काढलं आणि वर तारीख लिहिली.