गोंदरच्या कुंडातील पाणी

आपल्याकडे नाताळचे गोठे उतरवून आकाशकंदील माळ्यावर गेलेले असतात, तेव्हा इथिओपियात खऱ्या सणाची लगबग सुरू होते. तिथल्या प्राचीन पंचांगानुसार नाताळ ७ जानेवारीला येतो आणि १९ जानेवारीला (काही वर्षी २० तारखेला) येतो 'तिमकत', म्हणजे यार्देन नदीत प्रभू येशूने घेतलेल्या बाप्तिस्म्याचा सण. त्याच्या थाटापुढे नाताळही फिका पडतो.

आदल्या दिवसाचे नाव 'केतेरा'. पाणी बांध घालून अडवणे, हा त्या शब्दाचा अर्थ. त्या दिवशी ख्रिस्तमंदिरांतून 'ताबोत' बाहेर निघतात. मोशेला मिळालेल्या दशाज्ञांच्या पाट्यांची ही प्रतिकृती. तिच्याविना मंदिराला पावित्र्य नाही. जरीच्या वस्त्रात गुंडाळलेला ताबोत धर्मगुरू डोक्यावर घेतात. वर रंगीत छत्र्या, सोबत ढोल आणि झांजेसारखी खुळखुळणारी वाद्ये, आजूबाजूला शुभ्र वस्त्रांतला जनसागर. पंढरीच्या वाटेवरील पालख्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य अगदीच परके वाटणार नाही. रात्र पाण्याकाठी जागरणात जाते, पहाटे पाणी आशीर्वादित होते आणि ते लोकांवर शिंपडले जाते. आवडलेल्या मुलीकडे तरुणाने लिंबू फेकायचे, अशीही एक खट्याळ प्रथा या गर्दीत टिकून आहे!

गोंदर शहरात हा सोहळा ज्या दगडी कुंडाशी होतो, त्याला राजा फासिलिदासचे नाव आहे. आम्हां कॅथलिकांना हे नाव किंचित टोचते, कारण १६३३ नंतर येशूसंघीय धर्मगुरूंना देशाबाहेर घालवणारा राजा तो हाच.

असे का घडले? १५२१ साली पोर्तुगीज वकिलातीबरोबर गेलेले फादर फ्रान्सिस्को आल्वारिश यांनी हा सण पाहिला आणि बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, असे राजाला बजावले. इथिओपियन मंडळी दरवर्षी पुन्हा बाप्तिस्मा घेतात, हा आक्षेप पुढे शतकभर कायम राहिला. वास्तविक तिमकत ही बाप्तिस्म्याची आठवण आहे, पुनरावृत्ती नव्हे, असे ती मंडळी सांगत आली आहे.

गोव्याहून निघालेले आणि वाटेत सुमारे सात वर्षे बंदिवास भोगलेले फादर पेद्रो पाएझ १६०३ मध्ये तिथे पोहोचले. त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली, घाई केली नाही आणि राजा सुसेन्योसचे मन जिंकले. १६२२ साली ते निवर्तले. १६२५ मध्ये आलेले पॅट्रिआर्क अफोन्सो मेंदेस यांची वृत्ती निराळी. त्यांनी सण-उपवासांच्या तारखा बदलल्या, धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा घ्यायला लावली आणि लोकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. पुनर्बाप्तिस्म्याचा आरोप करणाऱ्यांनीच तो करावा, याला काय म्हणावे? देशात बंडे झाली, रक्त सांडले. १६३२ मध्ये थकलेल्या सुसेन्योसने जुना धर्म मोकळा केला आणि राज्य पुत्र फासिलिदासच्या हाती दिले. मेंदेस हद्दपार होऊन गोव्यास आले. तिथेच त्यांचा अंत झाला.

१८३९ साली तिथे गेलेले संत जस्टिन द जाकोबिस यांनी लोकांचाच वेश आणि त्यांचीच गीझ भाषेतील उपासना आपली मानली. आज गीझ विधीचे कॅथलिकही तिमकत साजरा करतात, त्याच जुन्या पंचांगाच्या तारखेला.