हॉलमधला समुद्र आणि निळोण्याचं पाणी

परवा एका ओळखीच्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कोणाच्या तरी हॉलमध्ये हजार लिटरची काचेची टाकी, आत लायनफिश आणि हेकरूचं पिल्लू, जिवंत मासोळ्या गिळताना. "दादा, आपल्या यवतमाळात जमंल का?" तिथं उत्तर अर्धवटच दिलं, म्हणून इथं लिहितो.

शौक नवा नाही. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि तिथल्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची साथच आली. पाणी नासायचं, मासे मरायचे. काही वर्षांत साथ ओसरली.

आपल्याकडं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केलं. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख पारशी दात्याचे, म्हणून ते नाव. आमच्या पिढीतल्या अनेकांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथंच. पण जागा बघा: मरीन ड्राइव्ह, समोर समुद्र! सांभाळायला सरकारचं मत्स्यव्यवसाय खातं. तरी दुरुस्ती करून 2015 मध्ये ते नव्यानं उघडावं लागलं.

आता आपला हिशेब. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे हजार लिटरला 35 किलो, तेही किराणा दुकानातलं नव्हे. मांसाहारी मासा खातो भरपूर, घाणही तेवढीच करतो, त्यातून अमोनिया होतो. आठवड्याला शंभर-दीडशे लिटर पाणी बदला. ते आरओचं हवं, आणि आरओ एका लिटरमागं दोन-तीन लिटर नालीत सोडतो. 2018 चा उन्हाळा आठवतो ना? निळोणा, चापडोह आटले होते, आणि आपण टँकरमागं ड्रम घेऊन पळत होतो.

मासा वाढतो ते वेगळंच. लायनफिश फूट-दीड फुटावर थांबतो, त्याचे काटे मात्र विषारी. महाकाय हेकरू आठ फुटांपर्यंत जातो. त्याला 2001 मध्येच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलंय. विकणाऱ्यानं पिल्लू कोणत्या जातीचं दिलं, हे ओळखणार कोण?

मग कंटाळलेला माणूस मासा सोडून देतो. 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिला लायनफिश दिसला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतला. आज पार कॅरिबियनपर्यंत तो स्थानिक मासोळी फस्त करतोय. निळोण्यात खाऱ्या पाण्याचा मासा जगणार नाही, खरंय. पण गोड्या पाण्यातला शिकारी अ‍ॅलिगेटर गार 2023 मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात सापडलाच की. आपल्या धरणांवर भोई बांधवांची पोटं आहेत.

हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग दादा, छोटी टाकी घेऊ का?" मी विचारलं, "तुमच्याकडं नळ कितव्या दिवशी येतो?"