छत्रपेशी : एका नावाचा इतिहास

आपल्या हजीऱ्यातील महंमद घौसांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या वारा व उजेड आत घेतात. मूत्राशय व मूत्रवाहिनी यांच्या आतील अस्तराचे कार्य नेमके उलट आहे : मूत्रातील त्याज्य द्रव्ये रक्तात परतू द्यावयाची नाहीत. एकोणिसाव्या शतकातील सूक्ष्मदर्शकाखाली हे अस्तर चपट्या व उंच पेशींच्या अस्तरांच्या मधले दिसे. म्हणून जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांनी त्यास ‘संक्रमणी’ म्हटले.

१९३१ साली क्नोल व रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. १९६५ मध्ये मारियन हिक्स यांनी उंदराच्या मूत्रवाहिनीच्या अस्तराची सूक्ष्मरचना प्रसिद्ध केली. सर्वांत वरच्या थरातील, खालच्या पेशींवर छत्र धरणाऱ्या मोठ्या पेशींचे पटल बाहेरील बाजूस अधिक जाड असते, हे दिसून आले. त्या पटलातील ‘युरोप्लाकिन’ प्रथिने पुढे ओळखली गेली. मूत्रमार्गदाहाचे जंतू त्यांनाच चिकटतात, हेही उमगले. म्हणजे हे अस्तर कशाच्याही मधले नव्हे. ते स्वतंत्र, स्वकार्यात निष्णात आहे.

जुने नाव पाठ्यपुस्तकांत अजून आढळते. विद्यार्थ्यांनी ते अवश्य शिकावे. मात्र त्यातून पेशीचा स्वभाव नव्हे, तर पाहणाऱ्याच्या भिंगाची मर्यादा कळते, एवढे ध्यानी ठेवावे.