जुन्या बाईकचं वायरिंग: नवी वायर टाकण्याआधी जादा वायरी काढा

हॉर्न दाबला की हेडलाइट मंद होतो, इंडिकेटर मध्येच बंद पडतात, फ्यूज वारंवार उडतो. तुमच्या जुन्या बाईकला असा त्रास असेल, तर लगेच बॅटरी बदलू नका. दोष बऱ्याचदा गंजलेल्या जोडांत आणि खराब अर्थिंगमध्ये असतो.

बहुतेक बाईकमध्ये बॅटरीची निगेटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली असते. करंट परत येतो तो या लोखंडातूनच. त्या जोडावर गंज किंवा रंग चढला की करंट अडतो.

वायरिंग सोपं कसं करायचं?

१. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग वायरींचे रंग लिहून ठेवा, फोटो काढा.

२. मागाहून बसवलेले हॉर्न, अलार्म, एलईडी पट्ट्या आणि टेप गुंडाळलेले जोड काढा.

३. अर्थिंगचे जोड सँडपेपरने घासून घट्ट बसवा.

४. हेडलाइट बॅटरीवर चालत असेल तर रिले लावा. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर करंट घेतो. रिले असला की हा भार हँडलवरच्या जुन्या स्विचवर येत नाही.

५. बॅटरीजवळ योग्य अँपिअरचा फ्यूज ठेवा.

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही लावू नका. फ्यूज असतो तो वायर पेटू नये म्हणून, आणि त्या वायरी पेट्रोलच्या टाकीखालूनच जातात.