तारेचीं टोंकें : ठाणें–कोलशेत परिसरानिमित्त एक टिपण

ठाणें शहराच्या उत्तरेस, खाडीच्या कांठीं कोलशेत हें गांव आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास आली, हें सर्वश्रुत आहे. त्यानंतर दोन वर्षांच्या आंत, १८५५ च्या फेब्रुवारींत, डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखालीं उभारलेली व मुंबई, आग्रा, कलकत्ता, मद्रास यांस जोडणारी विद्युत्तार सर्व लोकांस खुली झाली. खांबांवरील त्या तारेस वादळ व झाडें यांचें भय असे. आज ह्याच परिसरांतील कचेऱ्यांच्या सर्व्हर-खोल्यांतून ज्या तारा जातात त्यांस तें भय नाहीं. तेथें दोष बहुधा टोंकाशीं उद्भवतो.

ह्या केबलींत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीस पीळ दिलेला असतो. ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ मध्यें ह्या युक्तीचें पेटंट घेतलें. पिळामुळें बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो व निष्फळ होतो. टोंक बसवितांना पीळ सोडावा लागतो. तो सुमारें १३ मिलिमीटरांहून अधिक सोडूं नये असा दंडक आहे. १९९१ च्या अमेरिकन मानकांत रंगांचे दोन क्रम दिले आहेत. कोणताही स्वीकारावा, परंतु दोन्ही टोंकांस तोच ठेवावा. स्थिर केबल ९० मीटरांहून लांब नसावी.

एक दोष विशेष फसवा आहे. तारा दोन्ही टोंकांस जुळतात, पण जोड्या चुकीच्या तारांच्या बांधल्या जातात. साध्या दिव्याच्या चाचणींत सर्व ठीक दिसतें. वेग वाढतांच संदेश बिघडतो. पोथीचीं सर्व पत्रें शाबूत असून क्रम चुकावा, तसाच हा प्रकार होय. म्हणून वेगाची परीक्षा करणाऱ्या यंत्रानेंच तपासणी करावी.

पत्राच्या पाठच्या समासांत पत्रांक नसेल तर सुटी पोथी लावणें किती कठीण, हें संग्राहकांस सांगावयास नको. केबलीच्या दोन्ही टोंकांवर क्रमांक व वहींत त्याची नोंद नसेल तर एक तार शोधण्यासाठीं चालू तारा उपटल्या जातात.

आतां आपल्या पोथ्यांचीं छायाचित्रें अशाच यंत्रांत ठेविलीं जात आहेत. पोथीचीं आद्य व अंत्य पत्रें प्रथम झिजतात, आणि अंत्य पत्राबरोबर शक, स्थळ, लेखक सांगणारी पुष्पिकाही जाते. तेव्हां यंत्रखरेदीस द्रव्य देणाऱ्या संस्थांनीं टोंकें, क्रमांक व नोंदवही यांचीही चौकशी अवश्य करावी.