शेजाराने पालटणारे रंग

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सा. ल. हळदणकरांचं एक जलरंगचित्र आहे. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीपुढे आडवा धरून उभी असलेली स्त्री. चित्र १९४५-४६ सालचं; तरी अनेक जण ते राजा रविवर्मांचं समजतात, जे १९०६ मध्येच वारले. पण तारखा ठाऊक नसल्या तरी शंका यायला हवी. रविवर्मांची ख्याती तैलरंगांची. पारदर्शक जलरंगात पांढरा थर चढवत नाहीत, कागदाचा कोरेपणाच उजेड होतो. तो राखायचा म्हणजे कुठे रंग लावायचा नाही, हे आधी ठरवावं लागतं.

त्या बोटांमधला लालसर उजेड एवढा तापलेला का वाटतो? जांभळट साडी आणि मागची भिंत दबून राहिली म्हणून तो पेटला. आजूबाजूला नजर अडकावी असं काहीच नाही; ती आपसूक हाताकडे जाते, तिथून चेहऱ्याकडे. रंगसंगती आणि रचना अशी दोन प्रकरणं अभ्यासक्रमात वेगळी करतात, ती सोयीसाठी.

शेजाराचं हे गणित आधी विणकरांना भोवलं. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार रंगणीखात्याचे प्रमुख शेव्रल यांच्याकडे आली. हा रसायनाचा माणूस. त्यांनी धागा तपासला, रंग पक्का निघाला. खोट लगतच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांची होती. त्यातून त्यांचा १८३९ चा ग्रंथ उभा राहिला.

आपल्याकडे यशोधराने कामसूत्रावरील टीकेत चित्राची सहा अंगं सांगितली. त्यांत रूपभेद पहिला, वर्णिकाभंग, म्हणजे रंगयोजना, शेवटचा. या क्रमावरून रंगाची पायरी ठरवू नये, असं मला वाटतं.

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, असली कोष्टकं या पुस्तकात सापडणार नाहीत. कुंकवाचा लाल आणि जखमेचा लाल एकाच ट्यूबमधून निघू शकतो. त्याऐवजी एक जाड कागद घ्या, त्याला चण्याएवढं भोक पाडा आणि त्यातून आवडत्या चित्राचा एकेक तुकडा पाहा. धगधगीत वाटलेला नारिंगी पुष्कळदा साधा मातकट निघतो. कागद बाजूला केला की पुन्हा पेटतो.

पहिलं प्रकरण म्हणूनच करड्या रंगाचं आहे.